रेवाचा होकार

पायमोजा सुटेना. वृषालीला वाटलं, घामानं चिकटला असेल. फेब्रुवारी सरत आला की द्राक्षपट्ट्यात दुपारचं ऊन चटका देतं, आणि शाळेचे ते काळे बूट म्हणजे नुसती भट्टी. तिनं मोजा जरा जोरात ओढला. रेवा आवाज न करता मागं सरली आणि तिच्या गळ्याभोवतीच्या पट्टीतून तो गोड, स्वच्छ आवाज आला, "आई, आज शाळेत खूप मज्जा आली!"

मोजा निघाला तो रक्तानं कडक झालेला. तळव्याच्या मधोमध काचेचा तुकडा रुतून बसला होता. भोवती सगळं काळंनिळं.

"अगं बाई! रेवा! हे कधी झालं?"

"सरांनी मला शाबास म्हटलं!" आवाज म्हणाला.

आणि रेवाचा उजवा पंजा मांडीवर पडत होता. थप थप. थांबून पुन्हा थप थप. तोंडावर ना रडू ना काही. नजर नेहमीसारखी खिडकीच्या गजांवर. फक्त पंजा चाललेला. कधीपासून चाललेला कुणास ठाऊक. वृषालीच्या एकदम लक्षात आलं, की आपण कितीतरी महिन्यांत या पोरीच्या हाताकडं बघितलेलंच नाही.

डॉक्टरांकडून काच काढून, इंजेक्शन देऊन परत आल्यावर तिनं कुंभार सरांना फोन लावला. कुंभार सर रेवाचे वर्गशिक्षक, मुख्याध्यापकही तेच. गावची जिल्हा परिषदेची शाळाच तेवढी.

"सर, पोरीच्या पायात दिवसभर काच होती हो."

"काय सांगता!" सर खरंच हादरले. "अहो, पण मी विचारलं की तिला! लंगडतीय वाटलं म्हणून मुद्दाम जवळ बोलवून विचारलं. म्हटलं, रेवा, पाय बरा आहे ना? बरा आहे सर, म्हणाली. मग खो-खोला उभी केली. पळाली की चांगली!"

"पळाली?"

"सगळ्यांबरोबर पळाली. मी टाळ्या वाजवल्या तिच्यासाठी."

सर वाईट नव्हते. त्यांनी आपणहून विचारलं होतं. फोन ठेवल्यावर वृषालीला हीच गोष्ट सलत राहिली. विचारलं नसतं तर निदान त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं.

*

रेवाला नववं वर्ष लागलं होतं आणि गेल्या जूनपर्यंत तिच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. ती गुणगुणायची, एकाच सुरात, तासन्‌तास. नको असलं की मांडीवर पंजा मारायची. फार झालं की माठामागच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला गाल लावायची. शाळेत ती पहिल्यापासून सगळ्यांबरोबर बसे. आता कुठल्याच मुलाला वेगळ्या शाळेत घालायचं नाही, असंच धोरण होतं. मंगळवार-शुक्रवार नसीमा मुल्ला मॅडम स्कूटीवरून यायच्या. त्या फिरत्या विशेष शिक्षिका. आठ गावांच्या शाळा त्यांच्याकडं. चित्रांची कार्डं घेऊन त्या रेवाशेजारी सतरंजीवर बसायच्या आणि वाट बघायच्या. तीन वर्षांत रेवा आपल्या हातानं चार कार्डं उचलून द्यायला शिकली होती. पाणी, शी, पुरे, आणि पावाचं चित्र.

मग 'सोबत' आली.

आपण काही बोलायचं मनात आणलं, की आवाज फुटायच्या आधीच मेंदूकडून जिभेला, ओठांना, घशाला निरोप सुटतात. तोंड उघडलं नाही तरी त्या स्नायूंमध्ये विजेची अगदी बारीक थरथर होते. हनुवटीखाली आणि कानामागं बसणारी 'सोबत'ची पट्टी ती थरथर टिपते. पण थरथर म्हणजे काही शब्द नव्हे. दाट धुक्यातून कुणीतरी येतंय एवढं दिसावं, बाई की बुवा ते कळू नये, तसं ते असतं. म्हणून यंत्र दुसरंही एक काम करतं. ते अंदाज बांधतं. समोर कोण आहे, काय विचारलंय, या वयाचं मूल अशा वेळी बहुधा काय म्हणेल. थरथर आणि अंदाज यांची बेरीज होऊन आवाज बाहेर पडतो. थरथर ठळक असली तर तिचं वजन जास्त, पुसट असली तर अंदाजाचं. ऐकणाऱ्याला आवाज दोन्ही वेळा सारखाच गोड लागतो.

हे सगळं पालकसभेत पडद्यावर दाखवलं होतं. वृषालीला त्यातलं फार काही आठवत नव्हतं. तिला आठवत होती ती त्याच संध्याकाळची वेळ. ती भाकरी थापत होती आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं होतं, "आई, भूक लागली."

भाकरी तव्यावर जळून कोळसा झाली, घर धुरानं भरलं, तरी ती तशीच पीठभरल्या हातांनी उभी होती. सुहास तेव्हा बेदाण्याचा टेम्पो घेऊन निघालेला. तिनं फोन लावून रेवाच्या तोंडाशी धरला. "पप्पा, लवकर या," आवाज म्हणाला. सुहासनं टेम्पो रस्त्याकडेला घेतला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला, हे त्याच्या क्लीनरनंच नंतर हसत हसत सांगितलं. ते "पप्पा, लवकर या" सुहासच्या फोनची रिंगटोन झालं. शेडवर बेदाणा निवडताना बायका वृषालीला म्हणायच्या, "आता बोलतीया तर बोलतीया, तुला बोलू दील का न्हाई?" आणि ती खरंच हसायची. आठ महिने ती हसत होती.

*

काचेमुळं रेवाला ताप भरला. वृषाली शेडवर गेली नाही. दुपारी रेवाला गाढ झोप लागली. तोंड किंचित उघडं, पापण्यांच्या आत बुबुळं फिरत होती. पट्टी गळ्यात तशीच होती. मागची कडी मुलाच्या हाताला उघडत नाही अशीच बनवलेली, आणि अंघोळीखेरीज पट्टी काढायची नाही अशी शाळेची सूचना होती. जितकी वापराल तितकी ती मुलाला ओळखेल.

वृषाली कपाळावरचं ओलं फडकं बदलत होती. हात थंड पाण्यात, जीव पोरीत. सवयीनं, स्वतःशीच बोलल्यासारखं ती पुटपुटली, "माझं बाळ ते कसं, श…"

"शहाणं!" आवाज म्हणाला.

ओलं फडकं हातातच राहिलं.

रेवा झोपलेली होती. श्वास लांब, संथ. वृषालीनं तिच्या पापणीला हलकेच फुंकर घातली. पापणी हलली नाही.

"रेवाला," ती अगदी हळू म्हणाली, "रेवाला आई आव…"

"आवडते!"

घराबाहेर कुणीतरी मोटर चालू केली. पाइपात पाणी खळखळलं. पुढचं वाक्य आपण उच्चारू नये असं तिला वाटत होतं, आणि तोंड उच्चारत होतं.

"रेवाला आई नाही आव…"

"आवडत!" आवाज म्हणाला. त्याच लाडिक हेलकाव्यात. त्याच हसऱ्या स्वरात.

*

"झोपंत माणूस बोलत न्हाई व्हय?" सुहास म्हणाला. तो जेवायला बसला होता आणि ताटातली भाकरी तशीच होती. "तू बडबडतीस की झोपंत. परवा म्हणालीस, क्रेट मोजा. मी काय तुला यंत्र म्हणलं?"

"अहो, मी विचारलं तेच उलटं करून विचारलं. तरी तेवढ्याच आनंदानं म्हणाली."

"ताप होता तिला. तापात काय बी बोलतंय माणूस."

"आणि काच? दिवसभर पायात काच घेऊन बरं आहे म्हणते ती?"

"लाजली आसंल सरांना! बाकीची पोरं न्हाईत का लपवत? मी लहानपणी हात मोडलेला दोन दिवस लपवला हुता, आबांच्या मारापायी." त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा ठेवला. "वृषाली, एक विचारू? तुला पोरगी मुकीच पायजे का?"

तिनं त्याच्या तांब्यात पाणी ओतलं.

"म्हंजे तुमच्या दोघींचंच काय ते गुपित. तिला काय हवं, तिला काय नको, समदं तुलाच कळणार. मी आलो का मी परका. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलाय लागली तर तुला आता ते खोटं वाटाय लागलं."

"पप्पा, जेवा ना," कोपऱ्यातून आवाज आला.

सुहासचा चेहरा असा काही मऊ झाला, की वृषालीला बघवेना. "जेवतो गं, राणी. जेवतो." त्यानं घास मोडला. रेवा माठामागं भिंतीला गाल लावून उभी होती. तिची पाठ दोघांकडं होती.

*

मंगळवारी मुल्ला मॅडम आल्या. रेवाचा वर्ग आत परिपाठ म्हणत होता. वृषालीनं मॅडमना व्हरांड्याच्या टोकाला गाठलं आणि झोपेतलं सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही टोकलं नाही. त्यांची वाट बघायची सवय बोलतानाही सुटत नसे.

आतून कुंभार सरांचा आवाज येत होता. "सूर्य कोणत्या दिशेला उग…"

"…वतो!" वर्ग एका सुरात ओरडला.

"पू…"

"…र्वेला!"

"ऐका," मुल्ला मॅडम म्हणाल्या. "हे ऐका, ताई."

वृषाली ऐकू लागली. तिला नवीन काहीच वाटलं नाही. शाळा म्हटली की हे आलंच. ती शिकली तीही अशीच. शिक्षकानं वाक्य अर्धं सोडायचं, पोरांनी पुरं करायचं. घरीही सगळे तसंच. आपलं बाळ आता काय करणार? जे… वणार!

"दोन वर्षांपूर्वी जिल्हाभरातल्या वर्गांची रेकॉर्डिंग्ज नेली 'सोबत'वाल्यांनी," मॅडम म्हणाल्या. "मशिनला मराठी मुलांसारखं बोलायला शिकवायचं म्हणून. माझ्याही तासांची नेली. मी तर हौसेनं दिली. शेकडो तास, ताई, आणि प्रत्येक तासात हेच. मोठ्या माणसानं अर्धं सोडलं, की लहानानं त्याच्या मनातलं पुरं करायचं. त्या यंत्राला वाटतं, मूल बोलतं म्हणजे हेच करतं."

"म्हणजे ते सगळं खोटं? पप्पा लवकर या, आई भूक लागली, सगळंच?"

मुल्ला मॅडमनी ओढणी सारखी केली. "तसं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यातलं थोडं तिचंही असेल. भूक तिचीच असेल, शब्द त्याचा. किती तिचं आणि किती त्याचं, हे मला नाही सांगता येत. पहिल्या पट्ट्यांना एक बारीक दिवा होता. अंदाज जास्त असला की पिवळा व्हायचा. दिवसभर पिवळाच राहतो म्हणून पालक तक्रारी करायला लागले. नव्या पट्ट्यांना दिवाच ठेवला नाही."

"तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"मीटिंगमध्ये सांगितलं होतं. मुलांनी बोललेलं तुम्हाला का बघवत नाही, असं विचारलं मला." त्या ओशाळं हसल्या. "आता सगळी मुलं बोलतात म्हटल्यावर फिरत्या शिक्षकाची गरज काय? मार्चनंतर मी नाही. म्हणून आता मी काहीही म्हटलं तरी ते पोटासाठी म्हणते असंच वाटणार."

मग त्यांनी येत्या शिबिराचं विचारलं. तिला शिबिर म्हणजे पट्टीची तपासणी एवढंच माहीत होतं. सुहासनं तेवढंच सांगितलं होतं.

शनिवारी केंद्रशाळेत पट्टीच्या जागी कायमची चिप बसवण्यासाठी मुलांची निवड होती. कानामागं कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी. मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत काढायची नाही. आणि आता मूल बोलू शकतं म्हटल्यावर आईबापांच्या सहीपेक्षा मुलाचा स्वतःचा शब्द मोठा. त्याला 'बालसंमती' म्हणायचं. मूल हो म्हणालं तर आईला नाही म्हणता येणार नव्हतं.

"विचारणार कसं तिला?" वृषालीनं विचारलं. उत्तर तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"पट्टीतूनच," मुल्ला मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी शेडवर वृषालीची बोटं हिरवा, पिवळा, काळा बेदाणा आपोआप वेगळा करत राहिली आणि डोळ्यांसमोर रेवा मोठी होत राहिली. दहा वर्षांची, बारा, चौदा. काही न सांगणारी, खिडकीच्या गजांकडं बघणारी देखणी पोर. आणि एखादी खोली. आणि त्या खोलीत कुणीतरी, ओळखीचाच कुणीतरी, दार लोटून, हळू आवाजात वाक्य अर्धं सोडणारा. तुला हे आव… आणि तो गोड आवाज ते पुरं करणारा. मग चौकशी झाली तरी तिथंही तोच आवाज सांगणार. हो, मला आवडलं. पंजा मांडीवर आपटत राहील आणि त्याच्याकडं कुणीही बघणार नाही, कारण पोरगी तर बोलतेय ना.

तिच्या हातातलं घमेलं कलंडलं. बेदाणा सगळा फरशीवर सांडला. शेजारची मंगल म्हणाली, "अगं, बरं न्हाई का तुला?"

"बरं आहे," वृषाली म्हणाली, आणि तोंडातून हे कसं आपोआप निघालं ते ऐकून ती आणखीनच घाबरली.

*

केंद्रशाळेच्या व्हरांड्यात गावोगावचे आईबाप बसले होते. कुणी मुलाच्या कपाळावर तीट लावलेली, कुणी नवे कपडे घातलेले. लग्नाला आल्यासारखे. सुहासनं रेवाला जांभळा फ्रॉक घातला होता. वाटेत तो वृषालीशी एक शब्द बोलला नव्हता. चिपचं लिहिलेला शाळेचा कागद त्यानं तिच्यापासून लपवला होता आणि तिला ते कळलंय हे त्यालाही ठाऊक होतं.

आत टेबलामागं जिल्ह्याच्या समन्वयक सबनीस मॅडम होत्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, पण रेवा आत येताच खरोखर खूश होऊन हसणाऱ्या. मुल्ला मॅडम दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या शाळांमधली मुलं म्हणून त्यांनाही बोलावलं होतं.

"ये, ये, रेवा! किती छान फ्रॉक! कुणी आणला?"

"पप्पांनी!"

"वा! आणि आपण आज इथं कशाला आलोय? आपली पट्टी काय…"

"कायमची करायला!"

सबनीस मॅडमनी कौतुकानं सुहासकडं पाहिलं. सुहासची छाती फुलली.

"मॅडम," वृषाली म्हणाली, "मी विचारू एकदा?"

"विचारा की."

वृषाली खाली बसली. रेवाच्या डोळ्यांच्या उंचीला आली, पण रेवा छतावरच्या पंख्याकडं बघत होती. "रेवा, तुला ही पट्टी न…"

"नको!" आवाज म्हणाला. तसाच हसत.

मग सबनीस मॅडमचं हसू मावळलं. "हे बघा, रेवाची आई. असं मुलाच्या तोंडी शब्द घालायचे नसतात."

"मी तेच सांगतेय! तुम्ही हवी म्हटलं तर हवी, मी नको म्हटलं तर नको. तिचं यात कुठं काय आहे?"

"मूल गोंधळतं. आईबापांत दोन मतं असली की गोंधळतंच. म्हणूनच नियम आहे, की असं झालं तर आईवडिलांनी बाहेर थांबायचं आणि आम्ही पुन्हा विचारायचं."

"चल, भाईर हो," सुहास तिच्या दंडाला धरून म्हणाला.

"एक मिनिट," वृषालीचा आवाज फाटला. "एकच मिनिट द्या, मॅडम. कुणी काही विचारायचं नाही. कुणी काही बोलायचं नाही. नुसतं तिच्याकडं बघा. मग मी जाते बाहेर."

"त्यानं काय होणार?"

"मॅडम, द्या एक मिनिट," दारातून मुल्ला मॅडम म्हणाल्या. "मी तीन वर्षं हेच करत होते तिच्याबरोबर."

सबनीस मॅडमनी खांदे उडवले. सुहासनं हात सोडला. खोली गप्प झाली.

रेवा टेबलाच्या कडेचं सुटलेलं लाकूड नखानं कुरतडत होती. पंखा फिरत होता. थोडा वेळ काहीच झालं नाही.

"मॅडम, मी गाणं म्हणू?" आवाज म्हणाला.

सबनीस मॅडमनी तोंड उघडलं. वृषालीनं त्यांच्यापुढं हात जोडले. त्यांनी तोंड मिटलं.

"मॅडम, मी हुशार आहे ना?"

रेवाचं नख चाललंच होतं. तिचे ओठ मिटलेले. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती.

"पप्पा? पप्पा, मी बोलते ना आता?"

सुहासनं मूठ तोंडात घातली.

"आई, रागावलीस? आई, बोल ना. मी नीट बोलेन. आई, मी रोज बोलेन."

आवाज तसाच गोड होता, पण आता तो थांबत नव्हता. शांततेत कुणीतरी आपल्याकडून काहीतरी मागतंय, असंच त्याला शिकवलेलं. मागणारा गप्प असला तर आणखी गोड बोलायचं. सबनीस मॅडमनी खुर्ची नकळत मागं सरकवली होती. आणि खाली, टेबलाच्या कडेला, मूल आपल्या नखानं लाकडाचा एक बारीक तुकडा सुटा करत होतं, अगदी शांतपणे, जणू ते बोलणं शेजारच्या घरात चाललंय.

"बोल की गं तिच्याशी!" सुहास ओरडला. "दगड हायस का?"

वृषालीला बोलायचं होतं. साऱ्या जन्मात तिला एवढं काहीच करावंसं वाटलं नव्हतं. रागावले नाही गं, एवढं म्हणायचं होतं. कारण मुल्ला मॅडम म्हणाल्या होत्या, त्यातलं थोडं तिचंही असेल. कुठलं थोडं? हेच असलं तर? सगळ्या त्या भुशात हा एकच दाणा खरा असला, नऊ वर्षं आत कोंडलेली पोर याच वेळी खरंच तिला हाक मारत असली, तर आपण काय करतोय?

तिनं हात पुढं केला आणि रेवाच्या मानेमागची कडी चाचपली. कडी सापडेना. सापडली.

"आई, मी…" आवाज म्हणाला आणि तुटला.

पट्टी तिच्या हातात आली. हलकी, उबदार. पट्टीखाली रेवाच्या गळ्यावर लालभडक वळ होता, बारीक पुरळ आलेली, दोन ठिकाणी कातडी सोललेली.

ते अर्धं वाक्य खोलीत लोंबकळत राहिलं. कुणीही ते पुरं केलं नाही.

सबनीस मॅडमनी कागद पुढं ओढला आणि म्हणाल्या, "हे मी असं लिहू शकत नाही. पालकांनी यंत्र काढलं, एवढंच लिहिता येईल. संमती नाही असं धरलं जाईल. पट्टी परत जमा करावी लागेल." त्यांनी गळ्यावरच्या वळाकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "आणि पुढच्या वर्षी… बोलता न येणाऱ्या मुलाला वर्गात सांभाळायला आता माणूस नाही आमच्याकडं. मुल्ला मॅडमही नसतील. शाळा काय म्हणेल ते मला सांगता येत नाही."

वृषालीनं पट्टी टेबलावर ठेवली. सुहास खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांड्यांमध्ये घालून, म्हातारा झाल्यासारखा. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही, पण वरही पाहिलं नाही.

*

ती रेवाला घेऊन व्हरांड्यात आली. पुढचं मूल आत गेलं होतं. दोन वेण्या घातलेली, रेवापेक्षा लहान मुलगी आणि तिची आई. वृषाली पायऱ्यांपर्यंत पोचली, आणि मागून हाक आली.

"आई!"

तोच आवाज. गोड, स्वच्छ, भाकरी जाळणारा. वृषाली गर्रकन वळली. सारं अंग वळलं, विचार करायच्या आधी.

दार अर्धवट उघडं होतं. आत ती दोन वेण्यांची मुलगी उभी होती आणि तिची आई तिच्यापुढं वाकून म्हणत होती, "काय गं, माझ्या सोन्या?"

मुलींसाठी त्यांच्याकडं एकच आवाज होता. साऱ्या जिल्ह्याला एकच. तिच्या गावात पट्टी घातलेली रेवा एकटीच, म्हणून तिला ते कधी कळलं नव्हतं. आठ महिने ती ज्या आवाजासाठी जागी होत होती, तो इथं कितीतरी आयांना आई म्हणत होता, आणि आत्ताही म्हणत होता. कान तरीही त्याच्याकडंच ओढ घेत होते. तिनं ते बंद करायला हवे होते. तिला करवेनात.

रेवा वळली नव्हती. ती पायरीवर उभी राहून आवाराच्या फाटकाकडं बघत होती. मग तिनं वृषालीचं मनगट धरलं. नुसतं धरलं नाही, ओढलं, चांगलं जोरात, आणि दुखऱ्या पायानं लंगडत चालू लागली. फाटकाबाहेर उजवीकडं घराचा रस्ता होता. ती डावीकडं वळली. तिकडं काय होतं ते वृषालीला माहीत नव्हतं. ती या बाजूला कधी आलीच नव्हती.

"रेवा, आपण कुठं चा…" तिच्या ओठांवर आलं.

तिनं ओठ दातांखाली घट्ट दाबले, पोरीच्या पायाकडं बघितलं, आणि तिच्या चालीनं तिच्यामागून जात राहिली.